लाल जरा सरकलेला

मनामात, बाब-अल-बहरीनच्या मागच्या गल्लीत
अब्बासकाकांचं फ्रेमचं दुकान. तिथे मी काच कापतो.
अकरा वर्षं. लग्नाचे फोटो, पदव्या, आयती,
एकदा कुणाचा तरी मेलेला ससाणा.

परवा देवकाबाईंचा नातू लक्ष्मी घेऊन आला.
जुना छाप. पदरावर कुणीतरी खरी जर टाचलेली,
काचेला आतून घाम.
"आजी म्हणते, काच तेवढी बदला.
बाकी काही उघडू नका."

न उघडता काच कशी बदलतात
ते मला अजून कुणी शिकवलेलं नाही.

खिळे तीन वयांचे निघाले.
काही गंजून पूड झालेले, काही मधले,
दोन तर अगदी आमच्याच दुकानात मिळतात तसले.
तेव्हाच कळायला हवं होतं.

फळकूट उचललं, आणि ती.
लक्ष्मीच्या पाठीला पाठ लावून
भिंतीकडे तोंड करून बसलेली.
खपाटीला गेलेलं पोट, मुठीत केसांनी धरलेलं शीर,
डोळे असे की मी आधी माझेच हात बघितले.
खाली नाव होतं. अर्धं कसरीनं खाल्लेलं,
उरलेलं: मुंडा.

लाल जरा सरकलेला.
जिभेचा रंग जिभेत न मावता
केसभर उजवीकडे सांडलेला.
इकडे येण्याआधी मी कुडाळला कॅलेंडरं छापायचो,
असा ताव आला की फोरमन टेंबुलकर फाडून टाकायचे.
तेच सांगायचे, पूर्वी दगडावरून छापत,
एका रंगाला एक दगड, एकावर एक,
आणि ताव तसूभर हलला की देव बिघडला.
भिंगाखाली मोजले. नऊ रंग.
नऊ वेळा दगडाखालून गेलेली बाई
एकदा हलली, तर काय बिघडलं?

आमच्या सातेरीला तोंडच नाही.
वारूळ आहे, त्याला साडी नेसवतात.
लहानपणी मी वाकून आत बघायला गेलो तेव्हा
आवशीनं मानगूट धरलं:
"तिका बघूक जाव नको. तीच तुका बघता."

अब्बासकाका चहा घेऊन आले, थांबले,
रेडिओ बारीक केला.
बऱ्याच वेळानं विचारलं, "ही कुणावर रागावलीय?"
माझ्या मोडक्या अरबीत
त्याचं उत्तर बसत नव्हतं. मराठीत तरी कुठे.

संध्याकाळी देवकाबाईंचा फोन.
"दिसली ना?" एवढंच आधी.
मग म्हणाल्या, आजेसासऱ्यांनी मुंबईहून बोटीनं आणली,
पेढीवर लावली, तर मोत्यांचे दलाल आत येईनात.
म्हणून वहीसमोर लक्ष्मी, आणि ही मागे.
"पण मोती बुडाले त्या साली
सासूबाई रात्री फ्रेम उतरवून खिळे काढायच्या.
पुढची काही कामाची नाही म्हणायच्या आता."
जरा थांबल्या.
"मीही दोनदा काढलेत.
कशासाठी ते विचारू नका."

फोन ठेवून फळकूट पुन्हा उजेडात धरलं.
आतल्या अंगाला, तिच्या पावलांच्या जागी,
कुंकवाचे डाग. लाकडात मुरलेले,
एक मोठा, एक त्याहून लहान,
आणि दोन्ही जरासे सरकलेले,
टेकलेलं कपाळ हलावं तसे.

काच बदलली. दोघींच्या मध्ये
पाठीला बोचू नये म्हणून मऊ कागद घातला.
सरकलेल्या लालला हात लावला नाही.
फळकूट बसवलं, खिळे मारले,
वरचा डावा मारला नाही, नुसता टेकवला.
बोटानं निघेल.

बिलात लिहिलं: काच, एक नग.
नातू फ्रेम उचलताना म्हणाला,
"एवढी जड कशी हो ही?"
म्हटलं, काच जाड घातलीय.